ते जुनं नायट्रो हेली घेऊ नकोस

प्रश्न असा आला आहे: "काका, मी देवगडचा, वय २२. आमची हापूसची कलमं आहेत, हंगाम आता संपत आला. दोन वर्षं कॅमेऱ्याचा ड्रोन उडवतोय, आता आरसी (रिमोटवर चालणारं) हेलिकॉप्टर शिकायचं आहे. मुंबईतला एकजण पन्नास साईझचं नायट्रो हेली, रिमोट, इंधनाचा अर्धा कॅन आणि सुट्या भागांची पेटी असं सगळं बावीस हजारांना देतोय. माझं बजेट पंचवीसचं. घेऊ का? आणि सुरुवात कुठून करू?"

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकतो: घेऊ नकोस. फुकट देत असला तरी आत्ता घेऊ नकोस. तो माणूस फसवतोय असं मी म्हणत नाही. बावीस हजारांत एवढं सामान कदाचित स्वस्तच असेल. पण ते तुझ्या आत्ताच्या कामाचं नाही, आणि कोकणात तर नाहीच.

आधी इंधनाचं बोलू. नायट्रो म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, त्यात तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. एकदा झाकण उघडलेला अर्धा कॅन जूनमध्ये देवगडच्या हवेत ठेवलास की आषाढात त्याचं काय होईल ते तुझ्या घरच्या मिठाच्या बरणीकडे बघून कळेल. असलं इंधन भरलं की इंजिन एका दिवशी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी नाही. कार्बोरेटरची सुई फिरवत बसायचं, इंजिन पेटवणारा ग्लो प्लग बदलायचा, आणि चूक इंजिनाची, इंधनाची की आपली, हे नवशिक्याला कधीच कळत नाही. नवं इंधन मागवावं तर ज्वालाग्राही माल म्हणून कुरियरवाले घेत नाहीत. म्हणजे प्रत्येक वेळी कोणीतरी मुंबई-पुण्याहून गाडीतून आणायचं. शिवाय मिथेनॉल विषारी आहे. बागेतल्या फवारणीच्या बाटल्यांबरोबर ते पडवीत पडून राहणं मला तरी बरं वाटत नाही.

दुसरं म्हणजे आकार. पन्नास साईझच्या हेलीचं एक पातं साधारण ६०० मिलिमीटरचं. दोन पाती आणि मधलं डोकं धरून वर्तुळाचा व्यास सव्वा मीटरच्या वर जातो. मिनिटाला अठराशे-एकोणीसशे फेरे धर, म्हणजे पात्याचं टोक ताशी साडेचारशे किलोमीटरच्या पुढे पळत असतं. ते दिसतही नाही, नुसती एक धूसर तबकडी दिसते. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका १९ वर्षांच्या मुलाचा त्याच्याच मोठ्या मॉडेल हेलीचं पातं लागून मृत्यू झाला. तो नवशिका नव्हता, चांगला उडवणारा होता. तुला घाबरवायला सांगत नाही. पण 'खेळण्यातलं हेलिकॉप्टर' हा शब्द डोक्यातून काढून टाक. छोट्या हेलीने चूक माफ होते, मोठ्याने नाही.

आता तुझ्या ड्रोनच्या अनुभवाबद्दल. रागावू नकोस, पण तो इथे फारसा उपयोगी पडणार नाही. तुझ्या ड्रोनमध्ये जीपीएस आहे. रिमोटच्या दोन्ही काठ्या सोडल्या की तो जागच्या जागी उभा राहतो, वारा आला तरी स्वतःच तोल सावरतो. हेली तसं नाही. त्यातला जायरो (कलणं-वळणं ओळखणारा सेन्सर) फक्त एवढंच बघतो की तू सांगितल्याशिवाय ते आणखी कलू नये. एकदा डावीकडे कललं की ते कललेलंच राहतं आणि डावीकडे सरकत जातं, तू उलटी काठी देईपर्यंत. आणि उलटी काठी द्यायला उशीर झाला की तोवर वेग धरलेला असतो. तू खाडीत होडी धक्क्याला लावली असशीलच. होडी धक्क्याशी पोचल्यावर वल्हं उलटं मारून चालत नाही, ती पोचायच्या आधी मारावं लागतं. हेली सतत, प्रत्येक सेकंदाला, तसंच चालवायचं असतं. चूक दिसायच्या आधी दुरुस्ती.

आणि एवढ्यावर भागत नाही. डावी काठी वर केली की पात्यांचा कोन वाढतो, हेली उचलतं, पण त्याच क्षणी मुख्य पात्यांचा उलटा पीळ धडाला मिळतो आणि शेपटीच्या छोट्या पात्यांना तो रोखायला जास्त जोर लावावा लागतो. एका काठीचा परिणाम तीन ठिकाणी. १९६० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीच्या डीटर श्लूटरनी रेडिओवर चालणारं हेलिकॉप्टर पहिल्यांदा नीट उडवून दाखवलं, तेव्हा हा सगळा तोल फ्लायबार नावाच्या आडव्या दांडीवर आणि उडवणाऱ्याच्या बोटांवर होता. आज तीन दिशांचे जायरो एका काडेपेटीहून छोट्या डबीत बसतात, फ्लायबार जवळजवळ गेला. तरी बोटं शिकवल्याशिवाय शिकत नाहीत. तुला मिळणाऱ्या त्या नायट्रोवर फ्लायबारच असणार, बहुधा.

माझं स्वतःचं सांगतो. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, रत्नागिरीत. हाताला यंत्रांची सवय, त्यामुळे गर्व होता. २००७ मध्ये साडेचारशे साईझचं विजेवरचं किट (आकडा मोठा, पण पन्नासच्या नायट्रोपेक्षा हे बरंच लहान) मागवलं, तीन आठवडे रात्री जागून जुळवलं. प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक), प्रत्येक लिंक मोजून. रविवारी दुपारी बारा वाजता, लक्षात घे, दुपारी, सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) गेलो. उचललं, दोन फूट वर गेलं, वाऱ्याने मागे माझ्याकडेच सरकलं, मी घाबरून डावी काठी खाली ओढली. पाती उलट्या कोनात गेली आणि हेली जमिनीवर आपटलं नाही, जमिनीत ठोकलं गेलं. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. मुख्य शाफ्ट, पात्यांमधला फेदरिंग शाफ्ट, दोन्ही पाती, शेपटीचा दांडा, मोठा गिअर. गुरं घेऊन चाललेला एकजण लांबून म्हणाला, "पडला वाटतं." सुटे भाग यायला दीड महिना. त्या पहिल्या वर्षात मी हवेत काढलेला वेळ सगळा धरून पंधरा मिनिटं भरणार नाही. बाकीचं वर्ष दुरुस्तीत आणि पोस्टमनची वाट बघण्यात.

दुसऱ्या पावसाळ्यात सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर उडवायला शिकवणारा 'सिम', घेतला. तो किटच्याही आधी घ्यायला हवा होता.

म्हणून माझं तुला सांगणं एवढंच आहे: कोकणच्या वर्षाचे दोन भाग आपोआप पडलेत, त्यांच्याशी भांडू नकोस. मृगापासून दसऱ्यापर्यंत सिमवर शीक, कार्तिकापासून बाहेर ये. तू बरोबर वेळेला विचारलंस. मेअखेर आहे, पाऊस तोंडावर आहे, आंब्याची कामं आवरत आली आहेत. चार महिने सड्यावर जाताच येणार नाही. बाकी ठिकाणच्या पोरांना सिमवर बसायचा कंटाळा येतो, कारण बाहेर ऊन पडलेलं असतं. तुझी तीही अडचण नाही.

पंचवीस हजारांचं काय करायचं? निम्मे, किंवा थोडे जास्तच, चांगल्या रिमोटवर घाल. हेली मोडतं, विकलं जातं, बदलतं. रिमोट दहा वर्षं हातात राहतो. रेडिओमास्टरसारख्या कंपनीचा, अनेक प्रोटोकॉल (वेगवेगळ्या कंपन्यांच्या रेडिओच्या भाषा) समजणारं मॉड्यूल आत असलेला घे. असा रिमोट यूएसबीच्या साध्या वायरने लॅपटॉपला जोडला की जॉयस्टिक म्हणून चालतो, वेगळं काही घ्यावं लागत नाही. म्हणजे पावसाळ्यात ज्या काठ्यांवर बोटं बसतील त्याच काठ्या थंडीत सड्यावर हातात असतील. हे फार महत्त्वाचं आहे. खेळण्याबरोबर येणाऱ्या फुकटच्या रिमोटवर शिकून मग बदललास की निम्मी सवय वाया जाते. मोड दोन ठेव: डावीकडे पात्यांचा कोन आणि शेपटी, उजवीकडे पुढे-मागे-डावे-उजवे. ड्रोनवर बहुतेक तेच वापरत असशील.

सिम्युलेटर कुठला? रिअलफ्लाइट चांगला, हेली-एक्स चांगला. विकत घे. फुकट मिळणारे कसेही खेळ डाऊनलोड करू नकोस, त्यांत हेली ड्रोनसारखं वागतं आणि खोटी सवय लागते. लॅपटॉप जुना असला तर चित्राचा दर्जा कमी कर, पण चित्र अडखळू देऊ नकोस. अडखळत्या चित्रावर बोटं चुकीचा वेळ शिकतात. आणि तुमच्याकडे पावसात लाईट किती वेळा जाते ते मला माहीत आहे, तर लॅपटॉपची बॅटरी धड आहे ना ते आधी बघ.

आता सिमवर काय करायचं, ते जरा नीट वाच, सगळी मेख इथे आहे.

रोज वीस मिनिटं. रविवारी तीन तास बसून भागत नाही, बोटांची शिकवण झोपेत मुरते. पहिले आठ-दहा दिवस फक्त एकच: हेलीची शेपटी आपल्याकडे, नाक समोर, डोळ्याच्या उंचीला एका जागी उभं. एका खोलीएवढ्या चौकोनात राहायला हवं. सगळे नवशिके घाबरून घोट्याएवढ्या उंचीवर उभं करायला बघतात. तिथे पात्यांचा वारा जमिनीवर आपटून परत येतो आणि हेली डगमगत राहतं. शिवाय चूक झाली तर सावरायला जागाच नाही. उंच राहा. हे सड्यावरही लागू.

मग शेपटी थोडी डावीकडे वळवून, मग उजवीकडे. मग पूर्ण आडवं, डावा कुशीचा भाग आपल्याकडे; मग उजवा. एक बाजू सगळ्यांना सोपी जाते, एक अवघड. अवघड बाजूला दुप्पट वेळ दे. आणि मग येते ती खरी परीक्षा: नाक आपल्याकडे. इथे उजवी काठी उजवीकडे दाबली की हेली तुझ्या डावीकडे जातं. डोकं म्हणतं उलट कर, पण डोक्याने विचार करायला वेळच नसतो. एक युक्ती सांगतो जी मला एका पुणेकराने सांगितली होती: नाक आपल्याकडे असताना तबकडीची जी बाजू खाली झुकलेली दिसते, तिच्याकडे काठी दाब. झुकलेल्या बाजूला टेकू दे, बस. डावं-उजवं विचारूच नकोस. पंधरा दिवस पडशील, शंभर वेळा पडशील, सिममध्ये एक बटण दाबलं की नवं हेली. सोळाव्या दिवशी कधीतरी अचानक जमतं आणि आपल्यालाच कळत नाही कसं.

याच काळात एक बटण बोटाला शिकवून ठेव: थ्रॉटल होल्ड. ते टाकलं की मोटर बंद. हेली हाताबाहेर गेलं, आता पडणार हे कळलं की काठ्यांशी झटापट करायची नाही, होल्ड टाकायचा. फिरणाऱ्या पात्यांनी जमीन खाल्ली की गिअर, स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), शाफ्ट सगळं जातं. मोटर बंद करून पडलं तर बऱ्याच वेळा पाती आणि एखादा शाफ्ट एवढ्यावर भागतं. सिममध्ये प्रत्येक पडझडीला होल्ड टाकायची सक्ती स्वतःला कर, जरी तिथे काहीच मोडत नसलं तरी. मी हे केलं नाही, आणि साडेचारशेच्या स्पीड कंट्रोलरचा धूर पाहिला.

गणपतीपर्यंत चारही दिशांना दोन-दोन मिनिटं उभं राहता आलं तर चांगली गती. पुढे संथ आठ आकडा, पुढे जाताना वळणं, उतरणं. उतरताना एक गोष्ट: सरळ खाली, जोरात, स्वतःच्याच वाऱ्यात उतरू नकोस. पाती स्वतःच ढवळलेल्या हवेत शिरतात, हेली दगडासारखं खाली बसतं, आणि डावी काठी वर केली तरी आणखी बसतं. नेहमी थोडं पुढे सरकत उतर. वाईट सिममध्ये हे दिसणारच नाही, चांगल्यात थोडं दिसेल.

उरलेल्या पैशांत एक छोटं हेली. पण खेळण्यातलं, एकावर एक पात्यांच्या दोन जोड्या असलेलं नको. ते इतकं स्थिर असतं की काहीच शिकवत नाही. पात्यांचा कोन बदलत नाही असंही नको, वाऱ्यात ते निरुपयोगी. हवं ते कलेक्टिव्ह पिचचं, म्हणजे काठीने पात्यांचा कोन बदलणारं, फ्लायबार नसलेलं, तळहातापेक्षा थोडं मोठं. डब्ल्यूएलटॉइजच्या एक्सके के११० सारखं. एका सेलच्या छोट्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर चालतं, शंभर ग्रॅमच्या आत, पडलं तर बहुतेक वेळा झटकून पुन्हा उडवायचं. शाळेच्या सभागृहात किंवा वारा नसलेल्या पहाटे घरच्या खळ्यात उडवता येतं, फक्त माडाची झावळी आणि विजेच्या तारा बघ. बॅटऱ्या चार-पाच घे, एक बॅटरी काही मिनिटंच चालते. आणि सुटे भाग आधीच घेऊन ठेव: मुख्य पात्यांच्या दोन जोड्या, शेपटीचं पातं, मुख्य शाफ्ट, गिअर. फेब्रुवारी २०२२ पासून ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, आणि कस्टममध्ये बसलेल्या साहेबाला तुझं हेली ड्रोन नाही हे पटवणं तुझ्याकडून होणार नाही. भारतातल्या दुकानात जे आहे तेच घे.

थोडे महिने गेल्यावर पुढची पायरी ओएमपी एम२ किंवा तसलं काही, याहून थोडं मोठं हेली. पण ते पुढच्या हंगामाच्या आंब्याच्या पैशांतून.

बाहेर कधी यायचं? दसऱ्यानंतर गवत अजून गुडघाभर आणि ओलं असतं. कार्तिकात ते वाळायला लागतं, सडा मोकळा होतो. भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठव. थंडीत रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो, दुपारी समुद्राकडून खारा. या दोघांच्या अदलाबदलीच्या वेळी हवा थबकते. उजाडल्यापासून साधारण साडेनऊपर्यंत तुझा वेळ. अकरानंतर खारा सुटला की छोटं हेली कागदासारखं उडतं. संध्याकाळी सूर्य टेकताना पुन्हा थोडा वेळ हवा पडते, पण तेव्हा पाठीमागे ऊन आणि समोर अंधार, नवशिक्याने नादी लागू नये. तुमच्या देवगडला पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या नाहीत, एवढं लक्षात ठेव. सड्याच्या कड्यापासून तर लांबच राहा. समुद्राचा वारा कडा चढून वर येताना गुंडाळतो, आणि कड्यापासून वीस-पंचवीस पावलांत हवा भोवऱ्यासारखी असते.

एक गोष्ट सकाळचीच: दंव. गवतावर उतरवलेलं हेली खालून भिजतं. जांभ्यावर थेट उतरवलं तर लाल धूळ उडून बेअरिंगांत जाते. मी काय करतो, तर वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सचा तुकडा अंथरतो आणि चार कोपऱ्यांवर चार चिऱ्याचे तुकडे. गावातल्या कुठल्याही मंडळाकडे असले फ्लेक्स पडलेले असतात, फोटो खाली करून अंथर, नाहीतर कोणीतरी रुसतं. आणि ज्या सड्यावर कातळशिल्पं आहेत तिथे उडवू नकोस. अजून कितीतरी चित्रं गवताखाली आहेत, त्यांवर गाड्या फिरवणं, खुंट्या ठोकणं बरं नाही.

किनाऱ्यावर उडवावं का, असं सगळेच विचारतात. मोकळी जागा, मऊ वाळू. मलाही वाटलं होतं. रत्नागिरीच्या आसपासच्या किनाऱ्यांवर काळी वाळू आहे, तीत इल्मेनाइट असतं, लोह आणि टायटॅनियमचं खनिज. ब्रशलेस मोटरच्या आत जोरदार चुंबक असतात. मालगुंडच्या बाजूला एकदा हेली अलगद वाळूत बसलं, काहीच मोडलं नाही, मी खूश. घरी मोटर फिरवली तर खर्र खर्र. उघडली तर चुंबकांवर काळी मिशी उगवलेली. टाचणी, चिकटपट्टी, ब्रश, दोन रात्री गेल्या, तरी पूर्ण निघाली नाही. मोटरचा धंदा करणारा मी, आणि माझीच मोटर फेकली. मिठाचं तर बोलायलाच नको. उन्हाळ्यात किनाऱ्यावरून येणाऱ्या हवेने फेदरिंग शाफ्टमधली थ्रस्ट बेअरिंगं एका हंगामात गंजतात. आणि वेळास-आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर तर विणीच्या महिन्यांत जायचंच नाही.

घरीही मीठ असतंच. हेली हवाबंद डब्यात, आत सिलिका जेलची पुडी. जेल निळं-गुलाबी होणारं घे म्हणजे भिजलं ते कळतं, तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येतं. आठवड्याला एकदा शाफ्टांना अगदी हलका तेलाचा हात. पावसाळ्यात हेली उडवत नसलास तरी हे करायचं, नाहीतर दसऱ्याला डबा उघडशील आणि शाफ्ट तांबडा.

वणव्याचं सांगायलाच हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावरचं गवत काडेपेटी झालेलं असतं. पडलेल्या हेलीची लिपो दाबली गेली, फाटली की ती पेटू शकते, कधी लगेच, कधी पाच मिनिटांनी. माझ्या एका मित्राच्या सहाशे साईझच्या हेलीची पेटली. आम्ही चौघांनी शर्ट काढून, ओल्या गोणपाटांनी आपटून विझवली, तोवर दोन गुंठे काळे झाले. पलीकडे कोणाची तरी कलमं होती. तेव्हापासून सड्यावर पाण्याचा कॅन आणि गोणपाट आधी, हेली नंतर. हे तुला जास्त सांगायला नको, तू बागायतदाराचा मुलगा.

बॅटरीचं बाकी थोडक्यात. एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, त्याच्या वर नाही. उडवताना साडेतीनच्या खाली जाऊ देऊ नकोस, टायमर लाव आणि टायमर ऐक. आठवडाभर ठेवायची असेल तर ३.८ च्या आसपास आणून ठेव. भरून ठेवलेली बॅटरी कोकणच्या उकाड्यात फुगते. फुगलेली पुन्हा चार्ज करू नकोस. चार्जिंग चिऱ्याच्या भिंतीशी, जमिनीवर, समोर बसून. झोपताना लावून नाही.

छोटं हेली हातात आलं की पहिल्यांदा घरातच, मुख्य पाती काढून, शेपटी हाताने डावीकडे हलव आणि शेपटीची पाती उलट्या दिशेला जोर देतात का बघ. उलटं असेल तर उचलताक्षणी ते भोवऱ्यासारखं फिरेल. बॅटरी लावल्यावर काही सेकंद हेलीला हात लावू नकोस, जायरो तेव्हा 'स्थिर म्हणजे काय' ते शिकत असतो. सड्यावर वाऱ्याने डुलत असलं तर बोटाने दाबून धर. बॅटरी लावताना होल्ड टाकलेला, नेहमी.

आणि माझी ती पहिली चूक तुझ्याकडून होऊ नये म्हणून: रिमोटमध्ये डाव्या काठीचा खालचा टोकाचा कोन उणे दोन-तीन अंशांवर आणून ठेव. बाकीच्यांचं ऐकून उणे दहा-बारा ठेवू नकोस, ते उलटं उडवणाऱ्यांसाठी. घाबरून काठी खाली ओढली तर हेली उतरेल, ठोकलं जाणार नाही. मध्यावर शून्य, वर अधिक दहाच्या आसपास पुरे. मोटरचा वेग सुरुवातीपासून सपाट ठेव, काठीबरोबर बदलणारा नको. काठीने फक्त कोन बदलायचा, म्हणजे हेली एकसारखं वागतं.

शाफ्ट सरळ आहे का बघायचं तर खिडकीच्या काचेवर गडगडवून बघ. पाती बांधताना बोल्ट इतकाच आवळ की हेली आडवं धरलं तर पातं पडू नये, पण झटका दिला तर बोल्टभोवती फिरावं. फार आवळलं की पडताना पातं मोडतं आणि थरथरही वाढते.

नियमांचं. २०२१ च्या ड्रोन नियमांत फक्त हौस, शिक्षण किंवा चाचणीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला वेगळी जागा दिलेली आहे. २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो, तुझं छोटं हेली त्यातच येतं. तरी आकाश सगळीकडे मोकळं नाही. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर तुझा सडा हिरवा आहे का ते बघ. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशेपर्यंतच. नवशिक्याला वीस फूट पुरतात म्हणा. पण नौदल, तटरक्षक दल, बंदर, चिपीचा विमानतळ असं बरंच काही आपल्या किनाऱ्यावर आहे. लाल भागात एक फूटही नाही. पोलीस पाटलाला आधी सांगून ठेव. घोंगावणारं काही वर दिसलं की गावात ड्रोन आला म्हणून आरडाओरड होते आणि मग समजावत बसावं लागतं.

पहिले दहा दिवस सड्यावर एकटा जाऊ नकोस. कोणीतरी बरोबर हवं, गुरं आणि पोरं लांब ठेवायला. छोटं असलं तरी पोरं पळत जवळ येतात. तू हेलीकडे बघत असतोस, ती तुला दिसतच नाहीत.

साडेचारशे किंवा त्यापुढचं हेली घेशील तेव्हा खाली रुंद पाय बांधावे लागतात, पहिल्या उतरण्यात कलंडू नये म्हणून. बाजारात कार्बनच्या काड्या आणि वर टेबल टेनिसचे चेंडू असे मिळतात. मी चिवारीच्या (बारीक बांबूच्या) चार काड्या एकमेकींवर आडव्या बांधून, टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू लावून केले होते. जरा जड झाले, पण एकही कलंडलं नाही. माळ्यावर पडलेत. दसऱ्याला सिमवर नाक आपल्याकडे ठेवून तीन मिनिटं उभं करता आलं की कळव, रत्नागिरीला येऊन घेऊन जा. येताना त्या नायट्रोवाल्याला नको म्हणून सांगितलंस ना, तेही सांग.